आत्याचं ‘नको’

आज संध्याकाळी आत्याची शुगर उतरली. आता सगळं ठीक आहे, पण डोकं शांत नाही, म्हणून लिहून काढते.

इन्सुलिन टोचून झालं होतं आणि तेवढ्यात तिला फोन आला. बोलण्यात जेवण लांबलं. मी खोलीत गेले तेव्हा ती चष्म्याचं घर उघडायला बघत होती, बिजागरीच्या बाजूने. नख अडकवायची, ओढायची, पुन्हा तिथेच अडकवायची. पंखा चालू असून कपाळ घामाने डबडबलेलं. मी म्हटलं, “आत्या, शुगर बघूया का?” तर माझ्यावर खेकसली, “मला काही नकोय. तू जा इथून.” आत्या माझ्याशी असं कधीच बोलत नाही. आणि खरं सांगायचं तर घामापेक्षा त्या आवाजानेच माझी खात्री पटली.

बोटाला सुई टोचली. रीडिंग ४८. सत्तरच्या खाली म्हणजे शुगर कमी, आणि चोपन्नच्या खाली गेली की एक मिनिटही घालवायचं नाही. मेंदूचा कारभार जवळजवळ सगळा रक्तातल्या ग्लुकोजवर चालतो, त्याच्याकडे स्वतःचा म्हणावा असा साठा नसतो. त्यामुळे ज्या मेंदूने ‘मला मदत हवी आहे’ हे ओळखायचं, तोच आधी गडबडतो. माणूस चिडतो, हट्ट करतो, बोबडं बोलतो. परक्याला वाटावं दारू प्यायलाय. अशांना लोक खरंच दारुडे समजून वाऱ्यावर सोडून जातात, याचा मला फार त्रास होतो.

तेव्हा आत्याचं ‘नको’ मी तिचं धरलं नाही. वादही घातला नाही. जवळ बसले, पाण्यात तीन चमचे ग्लुकोज पावडर ढवळली, पेला तिच्या हातात देऊन खालून माझा हात लावला आणि एवढंच म्हटलं, “एक घोट घे.” मग आणखी एक. थोडं सांडलं, पण ती स्वतः गिळत होती, हे महत्त्वाचं. गिळता येत नसेल, शुद्ध हरपली असेल किंवा फिट आली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, पाण्याचा थेंबसुद्धा नाही. ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवायचं, घरात ग्लुकागॉन (शुगर वर आणणारं औषध) असेल तर द्यायचं आणि ताबडतोब रुग्णवाहिका बोलवायची.

नंतरची पंधरा मिनिटं फार जड गेली. पंधरा ग्रॅम साखर द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा तपासायचं, हा नियम मला पाठ आहे. पण समोर आपलं माणूस थरथरत असताना हात नुसते ठेवून बसणं जमत नाही. आणखी काहीतरी भरवावंसं वाटतं. कुणीतरी चॉकलेट पुढे केलं, मी नको म्हटलं. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. दुसऱ्यांदा तपासण्याआधी तिची बोटं ओल्या फडक्याने पुसून कोरडी केली, कारण त्यावर ग्लुकोजचं पाणी सांडलं होतं आणि त्याने रीडिंग खोटंच वर दिसलं असतं. ६३ आलं. पुन्हा तेवढंच ग्लुकोज, पुन्हा तेवढीच वाट. मग ९२. तेव्हा कुठे तिने चष्म्याचं घर नीट उघडलं, चष्मा लावला आणि म्हणाली, “जेवायचं राहिलंय ना माझं?” लगेच वाढलं. वर आलेली साखर जेवणाशिवाय टिकत नाही.

मीटर हाताशी नसता तरी मी साखरच दिली असती. शुगर वाढली आहे की उतरली, हे कळत नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर साखर द्यावी. वाढलेल्या शुगरमध्ये एवढ्याने फारसं बिघडत नाही, उतरलेली तशीच राहिली तर जीव जाऊ शकतो. अंदाजाने इन्सुलिन मात्र कधीही टोचू नये.

व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना साध्या साखरेने लवकर गुण येत नाही, त्यांना ग्लुकोजच लागतं. बीपीसाठीच्या बीटा ब्लॉकर गोळ्या थरथर आणि धडधड झाकून टाकतात, घाम मात्र बहुधा तसाच येतो. आणि ग्लिमेपिराइडसारख्या मधुमेहाच्या गोळ्यांनी शुगर उतरली असेल तर एकदा वर आल्यावर निर्धास्त होऊ नये. ती काही तासांनी पुन्हा उतरू शकते, म्हणून अशा माणसाला दवाखान्यात दाखवलेलं बरं.

जेवण झाल्यावर आत्याला विचारलं, “मघाशी काय बोललीस आठवतंय?” तिला आठवत नव्हतं. सांगितलं तेव्हा ओशाळली. मला तिला ओशाळं करायचं नव्हतं, पण पुढच्या वेळचं ठरवायला हवं होतं. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, “शुगर उतरली असेल तर माझं ‘नको’ ऐकू नकोस. पाजच. आणि हे बाकीच्यांनाही सांगून ठेव, तू दरवेळी घरात असशीलच असं नाही.”

ग्लुकोजचा एक डबा तिच्या उशाशी ठेवला, एक पर्समध्ये. पहाटेसाठी गजर लावलाय, एकदा तपासेन. उद्या डॉक्टरांना फोन करायचा आहे: डोस बदलायचा का, आणि ग्लुकागॉन घरात ठेवायचं तर ते कसं द्यायचं हे आम्हा सगळ्यांना शिकवाल का.