बर्फाचं पानी कोन्या नदीले जाते?

फेब्रुवारीतल्या एका शनिवारचा व्हिडिओ मी मे महिन्यात आमच्या ओसरीत बसून दाखवला, हीच पहिली चूक. लाइट सकाळपासून गेलेली, कूलर मुका, पत्रे तापून कडकड वाजतायत आणि फोनवर मी पांढऱ्या उतारावरून घसरत चाललोय. आजीने डोळे बारीक करून पाहिलं. "ह्या काठ्या कायले धरल्या रे?" शेजारच्या काकांची शंका वेगळीच होती. "पैसे देऊन पडाले जाता का बावा तुम्ही?"

हो काका, पैसे देऊनच. शनिवारचं तिकीट शंभर डॉलरच्या वर, बूट आणि स्कीचं, म्हणजे पायाला बांधायच्या लांब पट्ट्यांचं, भाडं निराळं.

जागेचं नाव लव्हलँड. अमेरिकेत, कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर शहरापासून पश्चिमेला साधारण 85 किलोमीटर. फार मोठं नाही, अगदी लहानही नाही. मुक्कामाला हॉटेल नाही, गाडी लावायचे पैसे पडत नाहीत, दुपारी लोक गाडीच्या मागेच शेगडी पेटवून खातात. आम्ही पोळ्या आणि ठेचा नेला होता. थंडीने पोळी पापडासारखी मोडत होती, पण ठेच्याने इमान राखलं. घसरायची जागा सुमारे 1,800 एकर. त्याच रस्त्याने पुढे वेल नावाचं बडं प्रस्थ आहे, ते 5,000 एकरांच्या वर.

'एकर' ऐकून बाबांनी पहिल्यांदा मान वर केली. आमचं साडेचार एकर. "कोनाची जमीन हाय?"

वनखात्याची, मी सांगितलं. अरापाहो राष्ट्रीय वनातला डोंगर आहे, रिसॉर्टवाले परवाना घेऊन चालवतात.

"म्हंजे ई-क्लासच की!" काका म्हणाले. ई-क्लास म्हणजे आमच्याकडची सरकारी जमीन. ओसरीतल्या सगळ्यांना तो देश एकदम कळला.

आमच्याकडे बर्फाला चांगलं कुणी म्हणत नाही. डेन्व्हरला आल्यावर पहिल्यांदा बर्फ पडला तेव्हा मी आनंदाने घरी फोन लावला होता. आई म्हणाली, "अरे देवा, हरभरा गेला असन तिथल्यांचा." तिचं काय चुकलं? आभाळातून पांढरं पडताना आम्ही पाहिलं ते 2014च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, गारपिटीत. त्यानंतर तलाठ्याची वाट आणि पंचनामा. त्यामुळे बर्फ पडला म्हणून सुट्टी टाकून डोंगरावर धावणारी माणसं पाहिली की मला अजूनही थोडं चुकल्यासारखं वाटतं.

तर तो दिवस. स्कीचे बूट म्हणजे गुराच्या गळ्यातलं लोढणं दोन्ही पायांत. कडक प्लास्टिक, वर चार कड्या. घोटा हलत नाही, चालताना टाच आधी आपटते. पायथाच 10,800 फुटांवर. आमचं बुलडाणा दोन हजार फुटांच्या जरा वर, आणि त्यालाही आम्ही थंड हवेचं ठिकाण म्हणून मिरवतो! गाडीपासून माणसांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टपर्यंत स्की खांद्यावर नेतानाच मला धाप लागली. तेवढ्यात वरच्या कड्यांकडून धडाम आवाज आला. मी दचकलो, बाकी कुणी नाही. साचलेला बर्फ लोकांवर कोसळू नये म्हणून गस्तीचे लोक तो सकाळीच स्फोट करून पाडतात. विहिरीला सुरुंग लावताना आम्ही लहानपणी लांब बाभळीमागे जाऊन बसायचो, तसाच आवाज, तसाच छातीत दणका.

रात्रभर पट्ट्यांवर चालणारी यंत्रं उतार सारखा करतात. सकाळी त्यावर बारीक, समांतर सऱ्या उमटलेल्या असतात आणि त्यांवरून पहिल्यांदा घसरताना पायाखाली खर्रर्र आवाज येतो. त्या दिवसातलं सगळ्यात सुंदर काय म्हणाल, तर तो आवाज. मी व्हिडिओ थांबवून त्या सऱ्या बाबांना दाखवल्या. त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"उताराच्या दिशेनं वहाटल्या ह्या? आडव्या पाह्यजेत ना. सारं पानी वाहून जाईन."

मी शपथेवर सांगतो, कोलोरॅडोत ही तक्रार आजवर कुणी केली नसेल.

उतारांना खुणा असतात. हिरवा गोल सोपा, निळा चौकोन मधला, शंकरपाळ्यासारखा काळा म्हणजे घरी सांगून जा. मी निळ्यावाला. पहिल्याच निळ्यावर तीनदा पडलो आणि बाजूने सहा-सात वर्षांची एक पोरगी काठ्यांशिवाय सुळकन निघून गेली. त्यातली खोच अशी आहे की भीती वाटली की माणूस मागे रेलतो. मागे रेललं की स्कीचं पुढचं टोक हलकं होतं आणि मग ती वळायचं नाव घेत नाही. वळायचं असेल तर जिकडे पडायची भीती, त्या दरीच्या बाजूच्याच पायावर भार द्यायचा. वखरावर वजन म्हणून उभा राहायचो तेव्हा बाबा ओरडायचे, "पुढं झूक, पुढं!" पंचवीस वर्षांनी कळलं काय म्हणत होते.

दुपारी हिंमत करून नऊ नंबरच्या लिफ्टने वर गेलो. जवळपास 12,700 फूट. झाड एकही नाही, वारा कानशिलात मारणारा. तिथून खाली बहुतेक काळेच रस्ते. मी कसा उतरलो ते विचारू नका. पण वर दहा मिनिटं उभा होतो. ती धार म्हणजे उत्तर अमेरिकेचा जलविभाजक. माझ्या पायांखाली, डोंगराच्या पोटात, 1973 साली उघडलेला आयझेनहॉवर बोगदा आहे आणि त्यातून ट्रक जात होते. वर मला फक्त वारा ऐकू येत होता.

व्हिडिओत तेवढाच भाग हलतोय, कारण हात थरथरत होता. बाबांनी नेमकं तिथेच विचारलं, "हे बर्फाचं पानी कोन्या नदीले जाते?"

दोन्हीकडे, म्हटलं. उजवीकडचं क्लिअर क्रीकला, तिथून प्लॅट, मिसुरी, मिसिसिपी करत मेक्सिकोच्या आखाताकडे. डावीकडचं कोलोरॅडो नदीला, आणि ती इतकी उपसली जाते की बहुतेक वर्षी समुद्राला पोचतच नाही.

"मंग आपल्यासारखंच हाय," बाबा म्हणाले. मला कळेना. त्यांनी मागच्या दाराकडे बोट केलं. आमच्या वावरावर पडलेलं पाणी पैनगंगेला जातं, पुढे वर्धा, प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. कड्यापलीकडचं, राजूर घाट उतरलं की, नळगंगेला. तिथून पूर्णा, तापी आणि अरबी समुद्र. घाटावर आणि घाटाखाली हे शब्द मी जन्मापासून बोलतोय. जलविभाजक पाहायला मात्र शंभर डॉलर मोजले.

काका म्हणाले, पाणी असं वाटलेलं म्हणजे भांडणं असणारच. आहेतच. पश्चिमेकडचं पाणी डोंगरातून 37 किलोमीटरच्या रॉबर्ट्स बोगद्याने डेन्व्हरकडे आणतात, 1960च्या दशकापासून. वैनगंगेचं पाणी नळगंगेत येणार, हे आमच्याकडे प्रत्येक निवडणुकीत ऐकायला मिळतं, त्यामुळे काकांनी नुसतं "हं" केलं.

मग मी त्यांना सांगितलं की तिथला बर्फ म्हणजे खालच्या शेतकऱ्यांचं धरणच. हिवाळाभर साठतो, मे-जूनमध्ये वितळून नद्यांना येतो. हलका असतो, दहा-बारा इंच बर्फातून जेमतेम इंचभर पाणी निघतं. म्हणून त्याची जाडी मोजून भागत नाही, वजन करावं लागतं. लव्हलँडजवळ तसं स्वयंचलित यंत्र आहे, सरकारी, तेही चक्क कृषी खात्याचं.

बाबा सरळ होऊन बसले. आमच्या महसूल मंडळाचं पर्जन्यमापक आमच्या वावरापासून कितीतरी लांब. तिथे पडला तर पडला, नाही तर पीकविम्याच्या कागदावर आमच्याकडेही नाही.

"ते यंत्र," त्यांनी विचारलं, "कोनाच्या वावरात बसवलं हाय?"