लँडिंग क्राफ्टवर गाड्या चढवण्याआधीची वजनचिठ्ठी : माझा अनुभव

कुवेतमध्ये एका खासगी कंत्राटदाराकडे मी मालवाहतुकीच्या कागदपत्रांचे काम पाहत होतो, तेव्हा अमेरिकी भूदलाच्या लँडिंग क्राफ्टवर, म्हणजे थेट किनाऱ्याला टेकून गाड्या उतरवणाऱ्या जहाजावर, आमच्या गाड्या चढवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. अशी जहाजे नौदलाकडेच असतात, हा समज तेथे लगेच दूर होतो. ‘एलसीयू-२०००’ वर्गाची ही जहाजे भूदलाची असून त्यांचे कप्तानही भूदलातील वॉरंट ऑफिसर असतात. जहाज १७४ फूट लांब, ४२ फूट रुंद, आणि माल ३५० अमेरिकी टनांपर्यंत, म्हणजे पाच एम-१ रणगाडे नेता येतील एवढा. परवाने, धोकादायक मालाचे घोषणापत्र, गाड्यांची धुलाई हे टप्पे विनातक्रार पार पडले, त्यामुळे त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. घोडे अडले ते वजनकाट्यावर.

माल रचून घेणाऱ्या मेटला, म्हणजे कप्तानाच्या हाताखालील अधिकाऱ्याला, प्रत्येक गाडीचे एकूण वजन, प्रत्येक एक्सलवर (चाकांच्या आसावर) येणारे वजन आणि समोरच्या बंपरपासून मोजलेले गुरुत्वमध्याचे (गाडीचा तोल जेथे साधतो त्या बिंदूचे) अंतर हवे असते, आणि यात त्याचा हटवादीपणा अजिबात नसतो. जहाज सपाट तळाचे असते आणि ते नाक किनाऱ्याला टेकवून रॅम्प, म्हणजे गाड्यांच्या चढ-उताराचा फळा, उघडते. पुढचा भाग जड झाला तर जहाज किनाऱ्यापासून दूरच टेकते आणि रॅम्प खोल पाण्यात उघडतो. म्हणून मागची बाजू थोडी अधिक बुडेल अशा बेताने गाड्या रचाव्या लागतात. शिवाय रॅम्पवरून गाडी जाताना एका वेळी एकाच एक्सलचा भार एका जागी येतो, त्यामुळे नुसत्या एकूण वजनावरून रॅम्पवर किती ताण येईल ते कळत नाही.

बंदरावरच्या वजनकाटा कार्यालयाला मात्र फक्त एकूण वजन ठाऊक होते. खिडकीमागचे गृहस्थ अत्यंत नम्र होते, आणि म्हणूनच त्यांचा अधिक संताप येत असे. एक गाडी, एक वजन, एक शिक्का, असा त्यांचा नियम होता. पुढची चाके काट्यावर आणि मागची बाहेर ठेवून वजन घ्या, असे म्हटले की ते ‘गाडी पूर्ण चढलेली नाही’ असे सांगून काच बंद करीत. मी त्यांना सूत्र लिहून दाखवले : पुढच्या एक्सलवर ६,००० किलो, बंपरपासून अंतर १.२ मीटर, मागच्यावर १०,००० किलो, अंतर ५.२ मीटर, वजन आणि अंतर यांचे गुणाकार करून बेरीज करा, तिला १६,००० ने भागा, गुरुत्वमध्य ३.७ मीटरवर येतो. त्यांनी तो कागद मनापासून वाचला, आकडेमोड बरोबर असल्याचे मान्य केले आणि एकूण वजनाचीच चिठ्ठी पुन्हा माझ्या हातात ठेवली. वरिष्ठांचे पत्र आणले, तर त्यावर तारीख दुसऱ्या कोपऱ्यात हवी होती. तारीख बदलून आणली, तर दुपारच्या सुट्टीची वेळ झाली होती. मेटच्या तक्त्यात पाउंड आणि इंच, चिठ्ठीत किलो. दोन्ही एकके एकाच चिठ्ठीवर छापण्याची सोय नाही, हेही त्याच खिडकीवर कळले. बाहेर उन्हात चालक इंजिन चालू ठेवून बसलेले, आणि त्या इंधनाचाही हिशेब मलाच द्यायचा होता.

शेवटी मी त्यांच्याच भाषेत बोललो. वजन तीन वेळा करा आणि तिन्ही वेळचे शुल्क वेगवेगळे घ्या, असे सुचवले. तीन वजने म्हटली की अडचण, तीन व्यवहार म्हटले की लगेच मार्ग! गाडीच्या क्रमांकापुढे अ, ब आणि क लावून तीन चिठ्ठ्या निघाल्या : पुढचा एक्सल, संपूर्ण गाडी, मागचा एक्सल. पहिल्या आणि तिसऱ्या चिठ्ठीची बेरीज दुसरीशी जवळपास जुळते का, ते तेथेच उभे राहून पाहावे. मोठा फरक दिसला, तर काट्यालगतची जमीन समतल नाही किंवा चालकाने ब्रेक दाबून धरला आहे, असे समजावे. ही युक्ती सुचल्याचा मला आजही अभिमान वाटतो आणि तो लपवण्याचे कारण दिसत नाही.

ट्रेलर जोडलेला असेल तर तो सोडून वेगळा तोलावा, हे आधी सांगायला हवे होते. पाउंड आणि इंच स्वतःच काढून ठेवावेत. वरच्या गाडीचे वजन ३५,२७४ पाउंड आणि गुरुत्वमध्य सुमारे १४६ इंचांवर येतो. गुरुत्वमध्याची खूण गाडीच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टीने करावी, आणि ती धुलाईनंतर पत्रा सुकल्यावरच करावी, कारण ओल्या पत्र्यावर पट्टी टिकत नाही.

प्रत्यक्ष चढवणे त्या मानाने पटकन झाले. या जहाजाला रॅम्प पुढेच असल्याने गाड्या उलट्या आत घेतात, म्हणजे उतरताना त्या सरळ बाहेर पडतात. जी शेवटी चढते ती आधी उतरते, म्हणून पलीकडे कोणती गाडी प्रथम लागणार, याची यादी आधीच द्यावी. मेटने माझे आकडे एकदा वाचले, एका गाडीवर स्वतः मोजण्याची टेप लावून पाहिली आणि साखळ्या आवळण्याची खूण केली. एक मात्र राहिले : काट्यावरून उतरल्यानंतर गाडीत सुटा टायर किंवा पाण्याची खोकी टाकू देऊ नका, नाहीतर पुन्हा त्याच खिडकीपुढे उभे राहावे लागेल.