कार्पेटखालचा तडा

स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहराच्या न्यू टाउन या जुन्या वस्तीतल्या दगडी घरांच्या डागडुजीचं काम मी करते. त्यातलं एक घर मालकांना ऑफिसातून पुन्हा राहतं करायचं होतं, आणि जिन्याची तपासणी माझ्याकडे आली होती.

न्यू टाउनची आखणी १७६७ची, वास्तुकार जेम्स क्रेगची. पुढे १७९१ मध्ये रॉबर्ट ॲडम या वास्तुकाराने तिथल्या शार्लट स्क्वेअर या चौकाचा आराखडा केला. त्याची उत्तर बाजू समोरून पाहिली तर एकच मोठा राजवाडा वाटतो, मधोमध खांब, वर त्रिकोणी शिखर. दार उघडून आत गेलं की कळतं, ही तर शेजारीशेजारी चिकटलेली वेगवेगळी घरं! आमचं घर त्यानंतरचं, उत्तरेकडच्या उतारावरचं, पण शिस्त तीच: रस्त्याकडे घासूनपुसून गुळगुळीत केलेला वालुकाश्म, मागच्या बाजूला ओबडधोबड दगड. दिखाऊपणा म्हणून मी याला नाक मुरडत नाही. पैसा जिथे दिसतो तिथे लावला, आणि मागची भिंतही तितकीच भक्कम बांधली.

या घरांचा खरा जीव मात्र जिन्यात असतो. वर काचेचा झरोका, त्यातून उजेड थेट तळमजल्यापर्यंत, आणि त्या उजेडात भिंतीतून बाहेर आलेल्या दगडी पायऱ्या. दुसऱ्या टोकाला खांब नाही, तुळई नाही. सगळे म्हणतात, पायरी भिंतीत पक्की रोवली म्हणून उभी आहे. तसं नाही. भिंतीत ती जेमतेम वीतभर, कधी त्याहूनही कमी शिरलेली असते. प्रत्येक पायरी खालच्या पायरीच्या मागच्या कडेवर टेकते. भार असा एकेक पायरी उतरत जमिनीपर्यंत जातो. भिंतीचं काम पायरीला पिरगळू न देण्याचं. म्हणूनच एका पायरीचं दुखणं हे सगळ्या जिन्याचं दुखणं असतं.

त्या दिवशी जुनं कार्पेट उचललं आणि मी हातोडीच्या लाकडी दांड्याने पायऱ्या वाजवत वर निघाले. चांगला दगड खणकतो. दुसऱ्या मजल्याच्या अलीकडे एक पायरी बद्द वाजली. खाली उतरून टॉर्च तिरकी धरली, तेव्हा रंगाच्या थराखाली केसाएवढी रेघ दिसली. कठड्याच्या लोखंडी गजाच्या भोकापासून निघालेली, भिंतीच्या दिशेने अर्ध्यापर्यंत गेलेली.

गजाभोवती सिमेंट होतं. जुन्या काळी गज भोकात बसवून वितळलेलं शिसं ओतत. शिसं मऊ, थोडं दबून घेतं. कधीतरी कुणीतरी ते काढून सिमेंट भरलं होतं. तिथे ओल धरली, लोखंड गंजलं, गंजलं की फुगलं आणि दगड फुटला. सिमेंट दिसलं की मला चीड येते, ती याचसाठी.

मी जिना तिथल्या तिथे बंद करायला लावला. संध्याकाळपर्यंत खालून तात्पुरते टेकू उभे राहिले. ठेकेदाराचं म्हणणं होतं, कायमचीच एक लोखंडी तुळई घालून टाकू. मी ठाम नाही म्हटलं. मधेच टेकू दिला की पायरी तिथे वाकायला लागते, आणि दगडाला वाकणं सोसत नाही. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या खाली उतरत गेलेला भार भलत्याच जागी अडतो. त्यात ही घरं संरक्षित यादीतली. जिन्याला असा हात लावायचा तर नगर परिषदेची परवानगी लागते, आणि तुळईसाठी ती मागायची माझी इच्छाही नव्हती.

शेवटी पायरीच्या कडेतून बारीक भोकं पाडून स्टेनलेस स्टीलच्या सळ्या रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट राळेत, बसवल्या. गज काढून गंज घासला आणि पुन्हा शिशात बसवला. बाकीचे सिमेंटवाले गजही आता एकेक करून मोकळे करतोय. मालकांनी विचारलं, कार्पेट कधी टाकायचं? मी म्हटलं, एक हिवाळा पायऱ्या उघड्या ठेवा, म्हणजे तडा सरकतोय का ते मला पाहता येईल. ते तयार झाले.