हत्ती आणि ऊस

"दादा, हत्ती पाळलाय आणि ऊस मोजताय होय?"

पिरंगुटजवळच्या पंपावर टाकी ऑटो-कटपर्यंत भरून मी मोबाइलवर भागाकार करत होतो. नोझल धरलेल्या पोराने तेवढ्यात हे ऐकवलं.

404 किलोमीटर, 41.6 लिटर डिझेल. म्हणजे लिटरला 9.7 किलोमीटर. गाडीचा स्क्रीन मात्र 11.4 दाखवत होता, बेशरमासारखा.

पोराने टायरच्या खाचेत बोट घातलं. ताम्हिणीचा चिखल, अजून ओला. "हे जाड टायर, वर कॅरिअर, त्यावर दोन रिकामे कॅन. वारा काय फुकटात कापला जातो?"

कॅन जूनपासून तिथेच आहेत. एकदाही भरले नाहीत.

कागदावरचा अ‍ॅव्हरेज प्रयोगशाळेत रोलरवर, एसी बंद ठेवून काढतात. तिथे ना घाट, ना चिखल. फोर-लोमध्ये, म्हणजे चारही चाकांना जोर देणाऱ्या सगळ्यात हळू गिअरमध्ये, इंजिन ओरडत राहतं, गाडी गोगलगाईसारखी सरकते. डिझेल जळतं, किलोमीटर काही वाढत नाहीत.

पण खरं सांगू? त्या 404 मध्ये फोर-लो जेमतेम तीन किलोमीटर. बाकी सगळं ऑफिस आणि चांदणी चौकातलं ट्रॅफिक.

संध्याकाळी कॅरिअर काढायला घेतला. एक बोल्ट गंजून बसलाय. कोणाकडे चांगला पाना आहे का?