फियाट, चिरंजीव आणि ४३ कामांची यादी

आमच्या बाबांची फियाट, म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८६ची, मुलुंडला आमच्या सोसायटीत अकरा वर्षं कव्हरखाली उभी होती आणि भंगारात कधी देताय हा विषय प्रत्येक मीटिंगमध्ये निघायचाच. मागच्या मे महिन्यात दहावी संपवून लोळत पडलेल्या चिरंजीवांना म्हटलं चल, आपण दोघं चालू करू. पहिले दोन रविवार काय उत्साह! गिअरचा दांडा स्टिअरिंगला असतो हेच त्याला माहीत नव्हतं, वायपरचा समजून ओढत बसला होता.

मग मॅट उचलली. ड्रायव्हरच्या पायाखाली पत्राच नव्हता, थेट कंपाउंडची लादी दिसत होती. मुंबईचा पावसाळा, मॅटखाली पाणी मुरतं आणि वरून काही कळत नाही.

इथे मी घोळ घातला. ऑफिसची सवय, एक्सेलमध्ये यादी केली, ४३ कामं, प्रिंट काढून डिकीला चिकटवली. पोरगं यादी बघून "पाणी पिऊन येतो" म्हणून वर गेलं ते दोन महिने खाली उतरलंच नाही, आणि खरं सांगू का, मीही नाही उतरलो. दोष पोरांच्या मोबाईलला द्यायला सोपा असतो, पण त्या यादीने आधी माझाच जीव दडपला होता.

परत सुरुवात झाली ती हॉर्नमुळे. ऑगस्टमध्ये एकदा कव्हर वाऱ्याने उडालं ते बांधायला दोघं खाली गेलो, सहज हॉर्न खोलला, कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरने घासले, बॅटरीला वायर लावली आणि असला दणकून वाजला की दुसऱ्या मजल्यावरच्या काकू खिडकीत आल्या. यादी तिथेच फाडली. तेव्हापासून एकच, रविवारी असं काम घ्यायचं जे जेवायच्या आत संपेल आणि संपल्यावर काहीतरी वाजेल, पेटेल नाहीतर फिरेल. पत्र्याचं काम सरळ डेंटरला दिलं, त्यात कमीपणा कसला.

कार्बोरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग, मात्र त्यानेच खोलला. त्यातले जेट, पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे, पितळेचे, त्यात टाचणी घालायची नाही, भोक जरा जरी मोठं झालं तरी गाडी पेट्रोल ढोसायला लागते, म्हणून स्प्रे मारायचा आणि फुंकायचं. तोंड काळं करून पठ्ठ्या दीड तास बसला होता, प्रत्येक जेट उजेडाकडे धरून एक डोळा मिटून बघत. फोन वर चार्जिंगला होता, आठवणसुद्धा नाही.

पार्टसाठी आम्ही कुर्ल्याला जातो, जिथे ही गाडी बनायची तिथेच. ३० ऑक्टोबर २०२३पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून हद्दपार झाल्या तरी एखादा जुना दुकानदार माळ्यावरून बरोब्बर हवा तो पार्ट काढून देतो. मला बघून भाव चढतो, पोराला बघून उतरतो, त्यामुळे मी लांब चहाच्या टपरीवर.

दिवाळीआधी इंजिन चालू करायला घेतलं. प्लगच्या वायरी त्यानेच लावल्या होत्या आणि दोन आणि तीन नंबरच्या वायरींची अदलाबदल झालीये हे मला दिसत होतं. जीभ चावून गप्प बसलो. सेल्फ मारला, कार्बोरेटरमधून फाट्टकन आवाज, वॉचमन धावत आला. पोरगं माझ्याकडे न बघता बोनेटमध्ये वाकलं, "एक, तीन, चार, दोन" असा सिलिंडर पेटायचा क्रम पुटपुटत वायरी बदलल्या आणि दुसऱ्या सेल्फला गाडी धरली. धूर एवढा की सोसायटीच्या ग्रुपवर लगेच तक्रार. त्याने मोबाईलचा पासवर्डच १३४२ केला होता (आता बदललाय, म्हणून इथे लिहितोय).

अजून गाडी गेटबाहेर पडलेली नाही. चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलेंडर गळतोय. त्याचं किट मिळालं तर या रविवारी, नाहीतर मागच्या दिव्यांच्या वायरी आहेतच.