खांबावरून दिसलेला सुरय: मोंथा चक्रीवादळानंतरच्या नोंदी

वहीतून उतरवून घेतोय, त्यामुळे मधल्या काही तारखा गळल्या आहेत. नवीन मंडळींसाठी एवढंच सांगतो की मी लाइनमन आहे, पवनी तालुका, गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरच्या काठची सहा गावं माझ्याकडे. वादळ आलं की लोक दारं लावून घेतात आणि मी शिडी घेऊन बाहेर पडतो. समुद्रपक्षी शोधायला याहून बरी नोकरी नाही, फक्त समुद्र तेवढा पाचशेएक किलोमीटर लांब आहे.

सगळं सुरू झालं ते २८ सप्टेंबर २०२१ च्या एका ओळीवरून. गुलाब चक्रीवादळ २६ तारखेच्या संध्याकाळी कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर चढलं, तेलंगणातून विदर्भ-मराठवाड्यावरून पश्चिमेला गेलं, गुजरातपाशी पुन्हा समुद्रात उतरलं आणि तिथे शाहीन होऊन ३ ऑक्टोबरला ओमानवर आदळलं. (शाहीन म्हणजे ससाणा. हे नाव कतारनं सुचवलेलं, त्यांना आपला नमस्कार.) वादळ आमच्या दक्षिणेकडून जात होतं तेव्हा मी डीओ (खांबावरचा फ्यूज) उडाला म्हणून खांबावर होतो. खालच्या धानाच्या बांधीवरून एक सुरय गेला, म्हणजे इंग्रजीतला टर्न, पाण्यावर फिरणारा पक्षी. पाठ काळी, पोट पांढरं. दोन्ही हात अडकलेले, दुर्बीण गाडीच्या डिक्कीत. संध्याकाळी वहीत लिहिलं, 'सुटी टर्न??' नाव सुटी, पण मला त्या आठवड्यात एक दिवसाची सुटी नव्हती.

अशक्य मात्र नव्हतं, आणि तेच डोक्यात बसलं. आपल्याकडे चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या उलट फिरतात. बंगालच्या उपसागरातून वायव्येला निघालेल्या वादळाच्या उजव्या अंगाला वारा समुद्राकडून जमिनीकडे ढकलतो. पक्षी त्या वाऱ्याबरोबर आत येतात, काही तर मधल्या शांत डोळ्यात सापडून वादळासोबतच चालत राहतात. गुलाबची वाट दक्षिणेकडून गेली म्हणजे आम्ही त्याच्या उजव्या हाताला. सुटी टर्न हा तर भर समुद्रातला पक्षी. पिल्लं काढायला बेटावर उतरतो, बाकी वर्षानुवर्षं हवेतच. पिसं नीट तेलकट नसल्यानं तो पाण्यावर बसतसुद्धा नाही, बसला तर भिजतो. फ्रिगेटबर्ड या दुसऱ्या समुद्रपक्ष्याचंही तसंच.

म्हणून हे ध्यानात ठेवा. वादळानंतर असा दमलेला पक्षी गावात सापडला की लोक आधी त्याला तलावात सोडायला धावतात. पाण्याचा पक्षी, पाण्यात सोडा! यांच्या बाबतीत तो जीव घेण्याचाच प्रकार. हवेत भिरकावून 'उड बाबा' करणं त्याहून वाईट. भोकं पाडलेला खोका, आत सुती फडकं, अंधार, शांतता आणि वनखात्याला फोन, १९२६. चोच उघडून पाणी ओतायचं नाही, पोळी भरवायची नाही, आणि हात लावायचाच तर हातमोजे घालून.

२६ ऑक्टोबर २०२५. मोंथाच्या बातम्या सुरू. या वेळी शहाणपणा केला, वादळ यायच्या आधीच मोजणी केली. बॅकवॉटरच्या नेहमीच्या टोकावरून, सकाळी ७ ते ८. नदी सुरय ९, कल्लेदार सुरय ४०च्या आसपास. काळ्या पोटाचा सुरय शून्य, तो मला या पट्ट्यात कधीच दिसलेला नाही. कुरव (सीगल) शून्य.

२८ च्या रात्री मोंथा आंध्रात नरसापूर-काकीनाडा पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं.

३० ऑक्टोबर. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर नुसता पाऊस उरलेला. हवामान खात्याच्या भाषेत डिप्रेशन म्हणजे ताशी ३१ ते ४९ किलोमीटर वारा, चक्रीवादळ म्हणवून घ्यायला ६२ तरी लागतात. या वाऱ्यानं समुद्रातून पक्षी उचलून आणणं होत नाही. आधीच आत फेकले गेलेले, भुकेले, वाट चुकलेले असतील तर तेच खाली उतरतात. कापून ठेवलेलं धान बांधीतच भिजत पडलंय. ज्या धुऱ्यावर लोक डोक्याला हात लावून बसलेत, त्याच धुऱ्यावर दुर्बीण काढायला लाज वाटली. काढली नाही. दिवसभरात तुटलेले जंपर (तारांचे जोड) तीन, तारेवर पडलेली फांदी एक, सुरय एकही नाही.

३१ ऑक्टोबर. सकाळी साडेसहाला फोन. काठावरचे मासेमार काका. "लाइनमनभाऊ, समुद्रातलं पाखरू सापडलं गा! तुमी मनत होते ना, वादळात येते मनून." गाडी कशी पळवली ते विचारू नका. काकांनी टोपलीखाली झाकून ठेवलेलं. टोपली उचलली आणि आधी पाठच दिसली. काळपट! माझ्या छातीत लकलक.

मग हातमोजे घालून नीट पाहिलं. उजव्या पंखाच्या सांध्याला जाळ्याचा नायलॉन तीन वेढे, पिसांखाली इतका रुतलेला की आधी दिसलाच नाही. म्हणजे वादळानं नाही, काकांच्याच जाळ्यानं धरलं होतं. जंपरच्या तारा कापायचा कटर त्या कामाला फार मोठा. काकांनी जाळं शिवायची छोटी कैची दिली. पहिला वेढा सुटला तसा पक्ष्यानं अंगठ्याला टोच मारली, हातमोजातून कळली एवढी. दुसरा, तिसरा. कातडीवर लाल वळ होता, रक्त नव्हतं. पंख उघडून पाहिला, दोन्ही बाजू सारख्या.

आणि उघडला तेव्हाच खेळ संपला. पंख वरून फिका राखाडी. काळपट तपकिरी होती ती फक्त मधली पाठ, खोगीर घातल्यासारखी, तीही ठिगळाठिगळांची, मधून राखाडी पिसं येत असलेली. शेपटीला नावापुरती खाच. पकड शेजारी धरली, आठ इंची. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत पाखरू पकडीपेक्षा तीन बोटं लांब. सुटी टर्न याच्या दीडपट तरी भरतो, त्याचा अख्खा पंख वरून काळा असतो आणि शेपटी खोल दुभंगलेली. मासे तोलायच्या काट्यावर फडक्यात गुंडाळून ठेवलं, फडक्याचं वजन वजा करून ८४ ग्रॅम. सुटी टर्न दोनशेच्या घरात जातो.

कल्लेदार सुरय. यंदाचंच पिल्लू, पहिल्या हिवाळ्याच्या पिसांवर येत असलेलं. परवा मोजलेल्या चाळीसपैकी एक असणार.

काका म्हणाले, "मंग हा आपलाच?" आपलाच, म्हटलं. त्यांना माझ्याहून जास्त वाईट वाटलं. वनरक्षकाला कळवलं. पाऊस चालू असल्यानं त्यांच्या सांगण्यावरून रात्रभर एलईडी बल्बच्या खोक्यात ठेवला.

१ नोव्हेंबर. उघडीप. सकाळी ८ला काठावर खोका आडवा केला. मिनिटभर काही नाही, मग पायानं सरकत बाहेर आला, वाऱ्याकडे तोंड केलं आणि गेला. उजवा पंख किंचित जड वाटला, पण वीसेक हातांवर गेल्यावर दोन्ही सारखे चालत होते.

घरी येऊन २०२१ ची वही काढली. 'पाठ काळी, पोट पांढरं, सुटी टर्न??' पंखांचा रंग? लिहिलेला नाही. शेपटी? नाही. आकार कशाच्या तुलनेत? नाही. सप्टेंबरअखेर म्हणजे कल्लेदार सुरयाची कोरी पिल्लं आपल्याकडे उतरायचेच दिवस, आणि तेव्हा त्यांची खोगिरं आजच्यापेक्षा गडद. चार वर्षं ज्या पाखराच्या नावानं मी वादळांच्या वाटा बघत बसलो, ते बहुधा आमच्याच तलावावर आलेलं पोर होतं. 'सुटी टर्न??' वर काट मारली आणि 'सुरय, जात अनिश्चित' लिहिलं. कल्लेदार असं लिहायचा मोह झाला होता, पण तेही मी पाहिलेलं नाहीच.

खरं सांगायचं तर दोन दिवस वहीला हात लावला नाही.

९ नोव्हेंबर. बॅकवॉटरवर तपकिरी डोक्याचे कुरव ३. गावातल्या एकानं मोबाइलवर फोटो काढून 'मोंथानं आणले सीगल' असं सगळीकडे पाठवलं. फोटो छान आहे, मथळा चूक. हे कुरव लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांवर घरटी करतात आणि हिवाळ्यात खाली येताना मोठ्या धरणांवर थांबतात. मोंथा पूर्वेकडून आलं, हे उत्तरेकडून. त्याला तसं सांगितलं तर म्हणतो, "भाऊ, तुमचे कंदी खरे निघणार?"

१६ नोव्हेंबर. वहीत सुरयांसाठी नवे रकाने पाडले: वरचा पंख, शेपटीची खाच, चोच, नदी सुरयाच्या तुलनेत लहान की मोठा. दुर्बीण डिक्कीतून काढून कमरेच्या पट्ट्याला बांधायची सोय केली, पण खांबावर चढताना ती खालीच ठेवायची, ते घरच्यांनी वदवून घेतलंय. आजची मोजणी, सकाळी ७ ते ८: नदी सुरय ११, कल्लेदार सुरय ५३, कुरव ३. खोगीरवाले ६, सगळ्यांचे पंख वरून राखाडी. उजव्या पंखाकडे प्रत्येकाच्या बघितलं, पण आता ओळखू येण्यासारखं काही नाही.