ग्राउंड लिफ्ट दाबलं आणि घरघर वाढली

कार्यक्रमाला चार तास होते. ड्रम्सचे माइक लावून झाले होते, गाणाऱ्यांचे माइक जुळवून झाले होते आणि बास गिटार वाजवणारा मुलगा थोडा उशिराच स्वतःचा अ‍ॅम्प, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, घेऊन आला. छोटा, हलका, आतमध्ये स्विचिंग पॉवर सप्लाय असलेला अ‍ॅम्प, मागच्या बाजूला डीआय आउट, म्हणजे सगळे आवाज जिथे एकत्र होतात त्या मिक्सरकडे थेट सिग्नल न्यायची जागा. नेहमीचंच काम. मी एक्सएलआर, म्हणजे तीन पिनांची माइकवाली केबल लावली, चॅनल उघडलं, आणि सगळ्या हॉलमध्ये घूंऽऽ.

चॅनल म्यूट करून हेडफोनवर ऐकलं. एकाच आवाजात दोन आवाज होते. खाली खोल, गोल ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिच्यावर माशी काचेवर आपटत राहावी तशी झर्रझर्र. आमचा हेल्पर म्हणाला, "इक्यू लावून खालचं कापून टाका ना." इक्यू म्हणजे आवाजातला हवा तो पट्टा कमी-जास्त करायची सोय. बासच्या बाबतीत हे करता येत नाही. बासच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा स्वर ४९ हर्ट्झचा असतो, म्हणजे गुणगुण जिथे बसते तिथेच बासचं घर. ती कापायला गेलं तर वाद्याचे पायच कापले जातात. वर झर्रझर्र राहते ती राहतेच.

म्हणून एकेक गोष्ट काढत गेलो. आधी अ‍ॅम्पमधून गिटारची केबल उपसली. आवाज तसाच, म्हणजे तारांचा कंप टिपणारे गिटारमधले पिकअप संशयातून सुटले. अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम शून्यावर आणला, फरक नाही. केबल बदलली, मिक्सरचं चॅनल बदललं, त्या चॅनलचा ४८ व्होल्टचा फँटम (काही माइकना केबलमधूनच मिळणारी वीज) चुकून चालू राहिला होता तोही बंद केला. घरघर हलायला तयार नाही. मग एक्सएलआर अ‍ॅम्पच्या मागून काढली. मिक्सर शांत. अ‍ॅम्पच्या स्वतःच्या स्पीकरला कान लावला, तोही शांत. दोघं वेगवेगळे गुणी आणि एकत्र आले की भांडण, असं दिसलं की माझा पहिला संशय ग्राउंड लूपवर जातो. अ‍ॅम्पला अर्थिंग त्याच्या प्लगमधून, मिक्सरला त्याच्या प्लगमधून, आणि केबलची शील्ड, म्हणजे आतल्या तारांभोवतीचं धातूचं वेष्टण, त्या दोघांना तिसऱ्या वाटेने जोडते. त्या वर्तुळातून विजेचा बारीक प्रवाह फिरतो आणि आपल्याला तो गुणगुण म्हणून ऐकू येतो. यावर उपाय अ‍ॅम्पच्या मागेच असतो. ग्राउंड लिफ्टचं छोटं बटण दाबलं की केबलची एक नंबरची पिन, म्हणजे शील्ड, सुटते. दोन आणि तीन नंबरच्या पिनवरून सिग्नल जात राहतो आणि वर्तुळ तुटतं.

मी बटण दाबलं. घरघर दुप्पट झाली.

बटण उलटं बसवलं असेल म्हणून दोनदा दाबून पाहिलं. तेच. इथे मी हात काढून घेतला. लूप असेल तर लिफ्टने आवाज कमी व्हायला हवा. तो वाढतो याचा अर्थ ती शील्ड काहीतरी उपयोगाचं काम करत होती, आणि आपण तेच काढून घेतलं. हेल्परला वाटलं मी अडलोय. तो म्हणाला, "मिक्सरच्या प्लगचीच अर्थिंग काढून बघू या का? मागच्या ठिकाणी असंच केलं होतं." मी नाही म्हणालो, आणि जरा मोठ्यानेच म्हणालो.

तेवढ्यात तो बासवाला मुलगा सहज बोलून गेला, "दादा, माझ्या अ‍ॅम्पचं असंच असतं. गाताना माइकला ओठ लागला की झिणझिण्या पण येतात. सवय झालीये आता."

"तारांवरचा हात काढ," मी म्हणालो. "माइकपासून लांब हो. आत्ता."

मल्टीमीटर एसी व्होल्टेजवर लावला, एक टोक अ‍ॅम्पच्या लोखंडी बॉडीला, दुसरं मिक्सरच्या बॉडीला. १०८ व्होल्ट. आकडा बघून माझ्याच हाताला घाम आला.

२३० व्होल्टच्या विजेवर असा निम्म्याच्या आसपासचा आकडा दिसला की तो बहुतेक वेळा एकच गोष्ट सांगतो. अशा अ‍ॅम्पच्या आत, वीज शिरते तिथे, खरखर गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात. एक फेजकडून बॉडीला, दुसरा न्यूट्रलकडून बॉडीला. बॉडी अर्थिंगला धरलेली असेल तर त्यांच्यातून येणारा बारीकसा प्रवाह मुकाट जमिनीत जातो. अर्थिंगच नसेल तर बॉडी त्या दोघांच्या मधोमध अधांतरी लटकते, निम्म्या व्होल्टेजवर. मी केबल लावल्यावर त्या प्रवाहाला पहिल्यांदा जायला वाट मिळाली, ती म्हणजे माझ्या केबलची शील्ड. ती झर्रझर्र त्याचीच होती. लिफ्ट दाबून मी तीही वाट बंद केली, बॉडी पुन्हा अधांतरी झाली, आणि ते सगळं व्होल्टेज सिग्नलच्या दोन्ही तारांवर स्वार होऊन मिक्सरमध्ये घुसलं.

आणि त्या मुलाचे ओठ? बासच्या तारा ब्रिजमधून (त्या जिथे अडकवतात तो धातूचा भाग), केबलमधून अ‍ॅम्पच्या बॉडीला जोडलेल्या. माइकची जाळी मिक्सरमार्फत पक्क्या अर्थिंगला. हात तारांवर, ओठ जाळीवर, म्हणजे मधली वायर तो स्वतः. प्रवाह मिलिअ‍ॅम्पिअरच्या अंशाएवढा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण तो अंश त्या दोन छोट्या कपॅसिटरच्या कृपेवर अवलंबून. त्यातला फेजकडचा एक शॉर्ट झाला की बॉडीवर पूर्ण २३० व्होल्ट, आणि छातीतून गेलेला पन्नास-शंभर मिलिअ‍ॅम्पिअरचा प्रवाह हृदय थांबवायला पुरतो. १९७२ साली वेल्समधल्या स्वान्सी इथे स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी चालू कार्यक्रमात अर्थिंग नसलेल्या माइकला हात लावताना असाच गेला. मंचावर पाऊल ठेवणाऱ्या प्रत्येक मुलाला हे नाव माहीत असावं असं मला वाटतं. मी त्या मुलाला तिथेच सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

अर्थिंग कुठे हरवली हे शोधायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मंचावरच्या भिंतीतलं सॉकेट ठीक होतं, अ‍ॅम्पची पॉवर केबल ठीक होती. मधे होता त्याचा स्वतःचा एक्स्टेंशन बोर्ड. प्लगच्या अर्थिंगच्या मोठ्या पिनपासून बोर्डच्या मोठ्या भोकापर्यंत मीटर लावला, बीप नाही, म्हणजे मधली वायर तुटलेली. बोर्ड बाजूला ठेवला, आमच्यातला तपासून लावला. पुन्हा मोजलं. बॉडी ते बॉडी, व्होल्टच्या अंशापेक्षाही कमी.

चॅनल उघडलं. झर्रझर्र पार गेली होती. उरली होती ती हलकी, गोल गुणगुण. आता ती खरोखर ग्राउंड लूपची होती, कारण अ‍ॅम्प मंचावरच्या सॉकेटवर आणि मिक्सर हॉलच्या मागच्या सॉकेटवर. ग्राउंड लिफ्ट दाबलं. या वेळी बटणाने आपलं काम केलं आणि स्पीकर इतके शांत झाले की एसीचा वारा ऐकू यायला लागला. (अ‍ॅम्पला ते बटण नसतं तर ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स, म्हणजे सिग्नल पुढे नेऊन विजेची जोडणी तोडणारी डबी, मधे घातला असता, काम तेच झालं असतं.) हेल्परने विचारलं, "मग हे पण अर्थिंग काढणंच झालं ना?" प्रश्न चांगला होता. लिफ्ट सिग्नलच्या केबलची शील्ड सोडतं, बॉडी प्लगमधून जमिनीला धरलेलीच राहते. प्लगमधली अर्थिंग काढली की बॉडीला धरायला माणूस सोडून कोणी उरत नाही.

कार्यक्रम छान झाला. तो मुलगा दोन गाणी गायला, माइकला अगदी ओठ लावून.

सामान आवरताना तो बोर्ड घेऊन माझ्याकडे आला. "बघू या का आत?" प्लगचे स्क्रू काढले. मला वाटलं होतं वायर ओढून ओढून निसटली असेल. तसं नव्हतं. हिरवी वायर कटरने सरळ कापून, तिच्या टोकाला काळी टेप नीट गुंडाळून, आत दुमडून ठेवली होती. "हा बोर्ड मला आधीच्या बँडमध्ये मिळाला," तो म्हणाला. "देताना म्हणाले होते, यावर लाव, आवाज येत नाही."

मी टेप काढली, वायर सोलली आणि त्यालाच स्क्रू ड्रायव्हर दिला. त्याने ती पिनखाली घालून घट्ट आवळली, झाकण बसवलं. मीटरचं एक टोक त्याने पिनवर धरलं, दुसरं भोकात घातलं. बीप वाजला. त्याने टोक काढून परत लावलं, परत वाजला.